पिशवीतली साखर

यांचं डायलिसिस घरी चालतं आणि ते मी करते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी मशीन कुठे आहे ते विचारतो. मशीन नाही. खुंटीला अडकवलेली दोन लिटर पाण्याची पिशवी, खाली पाटावर एक रिकामी पिशवी आणि यांच्या बेंबीच्या बाजूनं बाहेर आलेली मऊ बारीक नळी. एवढंच. सोलापुरात डायलिसिस म्हटलं की आठवड्यातून दोन-तीनदा दवाखाना, हातात दोन सुया आणि चार तास पलंगावर, हे कुणाला सांगावं लागत नाही. ओळखीपाळखीत असा एखादा पेशंट असतोच. पोटाचं डायलिसिस मात्र समजावून सांगावं लागतं. आणि समजावलं की बायका म्हणतात, "अगंबाई, घरी? आणि तुम्हीच?"

हो, मीच. पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. पोटाच्या डायलिसिसची जी माहिती मिळते ती सगळी किडनीची असते. वीस-बावीस वर्षं शुगर असलेला माणूस या डायलिसिसवर गेला की घरात एक वेगळंच काम सुरू होतं, आणि त्याबद्दल आधी कुणी फारसं बोलत नाही. कारण त्या पिशवीतलं पाणी साधं नसतं, साखरेचं असतं.

पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, पेरिटोनियम म्हणतात त्याला. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पिशवीतलं पाणी पोटात सोडून काही तास ठेवलं की रक्तातला युरिया, क्रिएटिनिन वगैरे घाण त्या पडद्यातून पाण्यात उतरते. पण अंगात साठलेलं जास्तीचं पाणी असं आपोआप बाहेर येत नाही, त्याला ओढून घेणारं काहीतरी लागतं. ते काम पिशवीतली साखर करते. ज्या साखरेनं किडनी घालवली, तीच रोज पोटात भरायची. आम्ही राहतो साखर पेठेत, त्यामुळे यावरचे सगळे विनोद यांचे करून झालेले आहेत.

यांना शुगर निघाली तेव्हा वय पस्तिशीच्या आसपास. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे. रात्रपाळी, दर दोन तासाला चहा, गोळी आठवली तर घ्यायची. आधी डोळे गेले. डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं, लेझर झालं, इंजेक्शनं झाली, तरी उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. मग तळपाय बधिर झाले. मग लघवीला फेस, पायावर सूज, आणि प्रत्येक रिपोर्टला क्रिएटिनिन वर.

मध्येच एक विचित्र गोष्ट झाली. शुगर आपोआप उतरायला लागली. इन्सुलिन निम्म्यावर आलं, एकदोनदा तर पहाटे घाम फुटून शुगर साठच्या खाली गेली. घरात आनंदीआनंद. जाऊबाई म्हणाल्या, सिद्धरामेश्वराला नवस बोललाय ना, तो फेडून घ्या. किडनीच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, शरीरातलं इन्सुलिन मोडून बाहेर काढायचं काम बरंचसं किडनी करते. ती थकली की तेच इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं आणि शुगर पडते. शुगर बरी होत नाहीये, किडनी संपत आलीये.

डायलिसिस लागणार म्हणून डाव्या मनगटाला फिस्टुला केला, म्हणजे मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून शीर धमनीला जोडली, पण शिरा इतक्या बारीक आणि कडक झालेल्या की तो चाललाच नाही. मानेत तात्पुरती नळी घालून काही वेळा मशीनवर घेतलं. दर वेळी दुसऱ्या तासाला बीपी कोसळायचं, अंग गार पडायचं, परत येताना रिक्षात हे बोलायचेसुद्धा नाहीत. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, पंपिंग कमी निघालं. तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा पोटाच्या डायलिसिसचं नाव काढलं. मशीन चार तासांत जे पाणी ओढतं ते हे दिवसभर हळूहळू ओढतं, म्हणून हृदयाला सोसतं. शिरांची गरजच नाही. आणि थोडीफार लघवी होत असेल तर ती जास्त दिवस टिकते. असं सगळं सांगून झाल्यावर ते यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळले. घरात दिवसभर कोण असतं? जवळचं दिसतं का? हात थरथरतात का? वेगळी खोली आहे का? नळाला पाणी रोज येतं का?

शेवटच्या प्रश्नाला मी हसलेच. डॉक्टर बाहेरगावचे असावेत.

नळी घालायचं ऑपरेशन साधंच झालं. तिला टेंकहॉफ कॅथेटर म्हणतात, अमेरिकेतल्या डॉ. हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ साली ती पुढे आणली आणि आजही थोड्याफार फरकानं तीच वापरतात. कातडीखाली नळीला दोन जागी कापडासारख्या पट्ट्या असतात, त्यांच्यात मांस वाढून नळी पक्की बसते. म्हणून दोनेक आठवडे पोटात पूर्ण पाणी भरत नाहीत. त्या दिवसांत मी घराची तयारी केली आणि सिस्टरांकडून शिकून घेतलं.

तयारी म्हणजे काय, तर माझी शिलाईची मशीनं हलवणं. मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. सोलापुरात हा धंदा मोठा आहे, कारखानदार कापलेला माल घरी देऊन जातात. आतली खोली, जिला खिडकी एकच आणि दार नीट लागतं, तीच माझी शिवणाची खोली होती. सिस्टर आल्या, पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. सुताच्या धुळीचा थर. म्हणाल्या, काकू, एक तर मशीन नाहीतर पिशवी. मशीनं पडवीत गेली. पावसाळ्यात तिथं ओलं येतं, माल खराब होतो, ऑर्डर निम्मी झाली. घरी डायलिसिस केलं की दवाखान्याचा खर्च वाचतो असं जे सांगतात त्यांनी हा हिशेब धरावा. पिशव्यांचा खर्च महिन्याला वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातोच, तो थोरला पुण्याहून पाठवतो. माझी बुडालेली शिलाई कुठल्याच बिलात येत नाही.

पाण्याचा प्रश्न असा सोडवला. आमच्याकडे नळ तीन-चार दिवसांनी येतो. हात धुवायला तर वाहतं पाणी पाहिजे, तांब्यानं ओतून घेतलेलं नाही. मग झाकणाचं पिंप स्टुलावर ठेवून त्याला खाली तोटी बसवून घेतली. कोपरानं बंद करता येईल अशी लांब दांड्याची तोटी. प्लंबरला ती का पाहिजे हे समजेना, शेवटी दवाखान्यातलीच चित्र काढून दाखवली.

आता प्रत्यक्ष काम. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात अशा तीन वेळा. दार-खिडकी बंद, पंखा बंद, दोघांनाही मास्क. टेबल पुसून कोरडं. पिशवी दाबून बघायची, कुठे गळत नाही ना. तारीख बघायची, साखरेचे टक्के बघायचे, पाणी स्वच्छ आहे ना ते उजेडाकडे धरून बघायचं. मग हात: साबण लावून बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटापर्यंत, आणि नंतर कशालाही हात लावायचा नाही. माझ्या नाकाला खाज सुटते ती नेमकी तेव्हाच.

यांच्या नळीच्या टोकाला एक टोपी असते, तिच्यात आयोडीनचा बोळा असतो. ती काढायची आणि पिशवीच्या नळीचं टोक यांच्या नळीच्या टोकात बसवून फिरवायचं. सगळा धोका या दोन-चार सेकंदांचा. टोकाला टोक सोडून कशाचाही स्पर्श झाला, साडीच्या पदराचा, बोटाचा, हवेतल्या धाग्याचा, तर जंतू सरळ पोटात. बारीक काम आहे. शुगरवाल्या माणसाला हे एकट्यानं करणं का जड जातं ते इथं कळतं: दिसत नाही, बोटांच्या टोकांना कळत नाही. हे अंदाजानं दोन टोकं जुळवायला बघायचे आणि टोक अर्धा इंच बाजूला जायचं. सिस्टरांनी दोन दिवस बघितलं आणि सांगितलं, काकांनी नळीला हात लावायचा नाही. जॉबर माणूस, तुटलेले धागे चालत्या मागावर सांधलेले, त्यांना ते फार लागलं. पण त्यांना काम दिलंय दुसरं. मी जोडते आणि ते मोठ्यानं पायऱ्या म्हणतात: टोपी, जोडा, आधीचं सोडा. एखादी राहिली तर तेच अडवतात.

जोडल्यावर आधी पोटातलं जुनं पाणी खालच्या पिशवीत उतरवायचं, वीसेक मिनिटं लागतात. मग नवीन पिशवीतलं थोडं पाणी पाच अंक मोजेपर्यंत परस्पर खाली सोडायचं, म्हणजे नळीत हवा किंवा घाण असेल तर ती वाहून जाते. मग पोटात भरायचं, दहा मिनिटं. नळी काढायची, नवी टोपी. उतरलेलं पाणी वजन काट्यावर मोजायचं, वहीत लिहायचं, संडासात ओतायचं. तासाच्या आत सगळं उरकतं. ऐन मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात दुपारी एकला पंखा बंद करून हे करायचं असतं, एवढं लक्षात घ्या. पिशवी गरम करावी लागत नाही हा त्यातला फायदा. थंडीत मात्र अंगाच्या गरमीइतकी करावी लागते, आणि तीही कोरड्या गरमीनं, शेकायच्या इलेक्ट्रिक पॅडवर. गरम पाण्यात बुडवायची नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच.

आता साखरेचा हिशेब. आमच्या पिशव्या तीन जोराच्या येतात: दीड टक्का, अडीच टक्के आणि सव्वाचार टक्के. दोन लिटरच्या दीड टक्क्याच्या पिशवीत तीस ग्रॅम साखर, अडीचच्यात पन्नास, सव्वाचारच्यात पंच्याऐंशी. सुरुवातीला यांना दिवसा दोन दीडच्या आणि रात्रीची एक अडीचची, म्हणजे एकशेदहा ग्रॅम. त्यातली सगळी बाहेर येत नाही; पाणी जितका वेळ पोटात राहील तितकी जास्त रक्तात मुरते. दिवसाला ऐंशीच्या आसपास धरली आणि चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर सोळा चमचे. ज्या माणसाला वीस वर्षं मी बिनसाखरेचा चहा दिला, त्याच्या पोटात रोज सोळा चमचे, जीभेला न लागता.

साहजिकच शुगर चढली. किडनी गेल्यावर जे इन्सुलिन निम्म्यावर आलं होतं ते पुन्हा वर गेलं. भूक मेली, कारण पोट पाण्यानं भरलेलं आणि रक्तात साखर. वजन मात्र वाढलं. आणि खरा पेच पुढं आहे. पिशवीतली साखर अंगातलं पाणी ओढते ती रक्तातल्यापेक्षा पिशवीत जास्त साखर असते म्हणून. रक्तातलीच शुगर तीनशेला गेली की ओढ कमी होते. पाणी कमी निघतं, सूज येते. शुगर चढल्यानं तहान लागते, हे पाणी पितात, सूज आणखी वाढते. मग सोपा उपाय दिसतो: जास्त जोराची पिशवी लावा. ती लावली की पाणी निघतं खरं, पण साखर आणखी जाते, शुगर आणखी चढते, आणि वर्षानुवर्षं असं करत गेलं तर पोटाचा पडदाच खराब होतो. सव्वाचारच्या पिशवीला लाल क्लिप असते. आमच्या घरात तिला "लाल" म्हणतात आणि तिच्यासाठी डॉक्टरांना फोन केल्याशिवाय खोकं उघडायचं नाही असा माझा नियम आहे. उत्तर पिशवीत नसतं, बहुतेक वेळा मिठात आणि इन्सुलिनमध्ये असतं. मीठ कमी केलं की तहान कमी, तहान कमी की सूज कमी. हे मला वहीनं शिकवलं. वहीत एका ओळीत घातलेलं पाणी, निघालेलं पाणी, वजन, बीपी, शुगर असं लिहिते. आठवडाभराच्या ओळी एकाखाली एक बघितल्या की ज्या दिवशी शुगर वर त्या दिवशी पाणी खाली, हे कुणीही वाचू शकेल.

तीन महिन्यांची शुगर म्हणून जी टेस्ट करतात, एचबीए१सी, तिच्यावर आता आमचे डॉक्टर फार विसंबत नाहीत. डायलिसिसच्या पेशंटला रक्त कमी असतं, रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतात, त्यामुळे तो आकडा खरा असतो त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. एका नातेवाइकानं रिपोर्ट बघून "साडेसहा! वा!" म्हटलं होतं. बोटाला टोचून बघितलेले वहीतले आकडे काही वेगळंच सांगत होते. इन्सुलिन पिशवीतच घातलं तर टोचायला नको, असंही कुणीतरी सुचवलं. पूर्वी तसं करायचे म्हणे. डॉक्टर म्हणाले, पिशवीला प्रत्येक सुईचं भोक म्हणजे जंतूंना एक जास्तीचं दार. विषय संपला.

रात्रीची पिशवी बारा तास पोटात राहते. तेवढ्या वेळात साखर बरीचशी मुरून जाते, ओढ संपते आणि पाणी उलट अंगात परत जातं. सकाळी दोन लिटर घातलेले पावणेदोनच निघायला लागले. तेव्हा रात्रीसाठी इकोडेक्स्ट्रिन नावाची पिशवी दिली. महाग आहे, पण तिच्यात साधी साखर नसते, पिठूळ जातीचा मोठा कण असतो, तो हळूहळू मुरतो आणि रात्रभर पाणी ओढत राहतो. सकाळचं पाणी सुधारलं, शुगरही जरा खाली आली.

पण या पिशवीबरोबर एक सूचना आली, आणि ती शुगरवाल्या प्रत्येक घरानं भिंतीवर लावावी. हा कण रक्तात मोडला की माल्टोज तयार होतं, आणि काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या त्यालाच ग्लुकोज समजतात. ज्या पट्ट्यांत जीडीएच-पीक्यूक्यू पद्धत असते त्या खोटी वाढलेली शुगर दाखवतात. पिशवी बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत हे चालू राहू शकतं. म्हणून मीटर डॉक्टरांना दाखवून, पट्टीच्या डबीवरचं वाचूनच घ्यायचं. आम्ही बार्शीला भाचीच्या लग्नाला गेलो होतो, पिशव्या, पिंप, सगळा बाडबिस्तरा घेऊन. पट्ट्यांची डबी घरी कपाटावर राहिली, ती यांनी भरायची होती. लग्नघरातल्या कुणाचं तरी जुनं मीटर मिळालं. त्यावर आकडा आला तीनशे चाळीस. यजमान हौशी, स्वतः शुगरचे पेशंट, इन्सुलिनची पेन घेऊनच आले. "वहिनी, सहा युनिट द्या, मी रोज घेतो." यांच्या अंगाला घाम होता, बोलणं जरा सुस्त होतं. मी पेन हातात घेतली नाही. बाजारपेठेतल्या लॅबमध्ये शिरेतून रक्त दिलं. अठ्ठ्याहत्तर. त्यावर सहा युनिट दिलं असतं तर काय झालं असतं हे मी यजमानांना सांगत बसले नाही. लग्नाचं घर होतं.

पाणी गढूळ आलं त्या दिवसाचं सांगते. दुपारची पिशवी उतरत होती. रोज पाणी फिकट पिवळं, आरपार दिसणारं येतं. सिस्टरांनी सांगितलेली परीक्षा अशी की भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. त्या दिवशी खाली ठेवायचीही गरज पडली नाही. तांदळाच्या धुवणासारखं पाणी. पोट दुखतंय असं हे सकाळपासून म्हणत होते, पण शुगरमुळे यांना दुखणं नेहमीच कमी कळतं, त्यामुळे "दुखतंय" म्हणाले म्हणजे खूपच असणार. फोन केला. डॉक्टर म्हणाले, ती पिशवी फेकू नका, तशीच घेऊन या.

ती पिशवी मांडीवर घेऊन मी सात रस्त्यापर्यंत रिक्षात बसले. ड्युटीवर एक नवे डॉक्टर होते, त्यांनी यांच्या नळीला सिरिंज लावायला हात पुढे केला. मी नको म्हटलं. ही सलाईनची नळी नाही. माझ्याकडे बघून ते जरा चिडले, पण आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्यावर थांबले. पाण्यात पांढऱ्या पेशी शंभराच्या वर असल्या आणि त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, निम्म्याहून जास्त असल्या की पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या पडद्याला जंतूंची लागण धरतात. यांच्या कितीतरी जास्त निघाल्या. अँटिबायोटिक पिशवीतच मिसळून पोटात सोडायला लागले, ते पुढं तीन आठवडे चाललं. त्या दिवसांत साखरेचा हिशेब पार कोलमडला. पडद्याला सूज आली की साखर भराभर मुरते, पाणी निघत नाही, शुगर चढते. इन्सुलिन जवळपास दीडपट करावं लागलं. आणि बरं व्हायला लागल्यावर तितक्याच सावधपणे खाली आणावं लागलं, नाहीतर पहाटे शुगर पडायची.

कल्चरमध्ये, म्हणजे पाण्यातला जंतू वाढवून ओळखायच्या टेस्टमध्ये, आतड्यातला जंतू निघाला. म्हणजे जोडताना शिरलेला नव्हे, आतूनच आलेला. कारण बहुधा बद्धकोष्ठ. शुगरनं पायाच्या नसा जशा जातात तशा आतड्याच्याही मंदावतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्याआधी महिनाभर पाणी उतरायला वेळ लागत होता, एक्स-रेत नळीचं टोक वर सरकलेलं दिसलं होतं. तेही त्याचंच. पोट साफ व्हायचं औषध सुरू केलं आणि नळी आपली आपण खाली आली. आता वहीत आणखी एक रकाना आहे. हे त्याला "सकाळची बातमी" म्हणतात.

खाण्याचं सगळं उलटंपालटं झालं. डायलिसिसच्या आधी डाळसुद्धा मोजून द्यायची, प्रोटीन कमी करा म्हणून. आता रोज पाण्याबरोबर पाच ते दहा ग्रॅम प्रोटीन वाहून जातं, पोटात जंतू झाले की आणखी जास्त, तेव्हा प्रोटीन वाढवा. आमचं घर लिंगायत, अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. पनीर, सोयाबीन, दही करून बघितलं. रक्तातलं प्रोटीन, अल्ब्युमिन, वर येईना. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली: पडवीत, माझ्या मशीनशेजारी, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात, आणि आपल्याला काही दिसलं नाही. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग यांना मी देते. पिवळ्यात फॉस्फरस जास्त म्हणून तो नको. पिवळा दारातल्या मांजराला. ते मांजर आता दुप्पट झालंय. शेंगाचटणी मात्र गेली. मीठ, फॉस्फरस दोन्ही. सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी द्यायची आणि चटणी द्यायची नाही, यावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी इन्सुलिनवरून झाली नाहीत. उलट केळं परत आलं. मशीनवर होते तेव्हा पोटॅशियमच्या भीतीनं केळं, शहाळं बंद होतं. पोटाच्या डायलिसिसवर यांचं पोटॅशियम कमीच यायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः अर्धं केळं लिहून दिलं. शुगर बघून.

उन्हाळ्यात घाम जातो, तेव्हा पाणी कमी ओढायचं. एप्रिल-मेमध्ये आमच्या दिवसाच्या दोन्ही पिशव्या दीड टक्क्याच्याच असतात आणि बीपी दोनदा बघते. महिन्याला नव्वद पिशव्यांची खोकी टेम्पोनं येतात, ती आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर रचते, पत्र्याखाली नाही. नळीच्या तोंडाशी घाम साचून लाल होतं, म्हणून तिथं रोज मलम आणि कोरडं गॉज. नळी लोंबू नये म्हणून युनिफॉर्मच्या सुती कापडाची पट्टी शिवली, आत कप्पा, बाहेर दोन बंद. सिस्टरांना ती आवडली, दुसऱ्या पेशंटसाठी मापं देऊन गेल्या. त्यांच्या शिलाईचे मी पैसे घेत नाही.

जानेवारीत सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा. तिच्यातला अक्षता सोहळा, म्हणजे देवाचं प्रतीकात्मक लग्न, ऐन दुपारी असतो. डॉक्टरांना विचारलं, दुपारची पिशवी दोन तास आधी चालेल का. चालेल म्हणाले. घड्याळ इतकं कडक नाही, हात धुणं कडक आहे. हे लग्न लागतं त्या संमती कट्ट्यापर्यंत गर्दीत नेणं शक्य नव्हतं, लांबून यात्रेतल्या उंच काठ्या, नंदीध्वज, दिसतील अशा ओळखीच्या गच्चीवर बसवलं. यांना नंदीध्वज दिसले की नाही ते मी विचारलं नाही, पण अक्षता बरोबर वेळेला टाकल्या.

मध्यंतरी पेट टेस्ट झाली, पडदा साखर किती वेगानं शोषतो ते बघायची. यांचा वेग मध्यम निघाला, म्हणजे आणखी काही वर्षं हे चालेल असा अंदाज. ट्रान्सप्लांटचं हृदयाच्या डॉक्टरांनी सध्या नाही म्हटलंय. रात्री झोपेत पिशव्या बदलणारं मशीन असतं, ते घ्या असं थोरला म्हणतो. मी त्याला वीज किती वेळा जाते ते विचारलं.

परवा विजापूर रोडवरून एका बाईंचा फोन आला. भावाला शुगर आहे, किडनी गेलीये, भावजय नोकरी करते, डॉक्टरांनी दोन्ही पर्याय ठेवलेत, काय करू. मी काय सांगणार? मी म्हटलं, भावाला राहू द्या, भावजयीला घेऊन या, ज्याला करायचंय त्यानं बघावं. दुपारी पाऊणला या, हात धुण्यापासून बघता येईल. वही ठेवते काढून. आणि येताना रुमाल आणा, तासभर पंखा लावणार नाही.